आमदारांमार्फत मंत्र्यांना प्रश्न कसा विचारावा : नव्या कार्यकर्त्यांसाठी

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही. पाण्याची टाकी बांधून झाली, पण नळाला पाणी नाही. शाळेच्या खोल्यांसाठी मंजूर झालेला निधी कुठे अडला ते कोणी सांगत नाही. अशा वेळी निवेदन देणे, उपोषणाला बसणे, वर्तमानपत्रात बातमी देणे हे मार्ग आपल्याला माहीत असतात. आमदारांकडून विधिमंडळात प्रश्न लावून घेणे हाही एक मार्ग आहे. तो वापरायला गेलेले बरेच जण मात्र "साहेब, आमचा विषय सभागृहात मांडा" एवढेच सांगून परत येतात. मग विषय मांडला जातो, मंत्री "लक्ष घालतो" म्हणतात आणि सहा महिन्यांनी सगळे होते तिथेच असते.

दोष मार्गाचा नाही, प्रश्नाचा आहे. नेमका आकडा आणि नेमकी तारीख मागणारा प्रश्न टाळायला कठीण असतो. ढोबळ प्रश्नाला ढोबळच उत्तर मिळते. असा नेमका प्रश्न तयार कसा करायचा, तो पुढे कसा न्यायचा आणि उत्तर आल्यावर काय करायचे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. मंत्री उत्तर देतात ते उपकार म्हणून नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४(२)प्रमाणे राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. केंद्रात हीच जबाबदारी अनुच्छेद ७५(३)ने लोकसभेप्रती ठेवली आहे. त्यामुळे प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातल्या संबंधित कक्षातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तालुक्याला विचारणा जाते. कोणाला तरी फाइल उघडावी लागते, आकडा लिहावा लागतो, सही करावी लागते. माझ्या मते प्रश्नाची अर्धी ताकद सभागृहाबाहेर, या फायलीच्या प्रवासातच असते.

पहिली पायरी : विषय कोणाच्या अखत्यारीत आहे ते शोधा

नवखा माणूस सर्वांत जास्त इथेच अडखळतो. रस्त्याचेच बघा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर उत्तर केंद्र सरकारचे, म्हणजे प्रश्न खासदारांनी विचारायचा. राज्य महामार्ग असेल तर राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग. ग्रामीण रस्ता बहुधा जिल्हा परिषदेकडे असतो, म्हणजे राज्यात ग्रामविकास विभाग. नगरपालिकेच्या हद्दीतला गल्लीतला रस्ता असेल तर नगरविकास विभाग. रस्ता नेमका कोणाचा हे न पाहता प्रश्न दिला, तर तो दुसऱ्या विभागाकडे वर्ग होण्यात वेळ जातो किंवा "सदर बाब या विभागाशी संबंधित नाही" एवढेच उत्तर हाती येते.

पोलीस, सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा हे राज्याचे विषय. रेल्वे, टपाल, पासपोर्ट हे केंद्राचे. शिक्षण समवर्ती सूचीत आहे. केंद्र पुरस्कृत योजनांत पैसा दोघांचाही असतो. राष्ट्रीय आरोग्य अभियान आणि समग्र शिक्षा या योजनांत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्र व राज्याचा वाटा ६० : ४० असतो. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये तो ५० : ५० ठरला. अशा योजनांत दोन्हीकडे प्रश्न लावता येतो, आणि शक्य असेल तर जरूर लावावा. केंद्राने राज्याला किती दिले हे खासदारांनी संसदेत विचारावे, राज्याने त्यातले किती खर्च केले हे आमदारांनी विधिमंडळात. दोन लेखी उत्तरे शेजारी ठेवली की पैसा कुठल्या टप्प्यावर थांबला ते दिसायला लागते. हे काम कोणत्याही एका उत्तराने होत नाही.

दुसरी पायरी : आधी जे उपलब्ध आहे ते वाचून काढा

लोकसभा, राज्यसभा आणि महाराष्ट्र विधानमंडळ या तिघांच्या संकेतस्थळांवर जुनी प्रश्नोत्तरे मिळतात. तुमच्या विषयावर आधी कोणी विचारले होते का, मंत्र्यांनी कोणती मुदत दिली होती, हे शोधा. आधीच्या अधिवेशनातले "काम डिसेंबरअखेर पूर्ण होईल" असे एखादे वाक्य सापडले, तर नव्या प्रश्नाचा पाया तिथेच तयार झाला. शिवाय सहज उपलब्ध असलेल्या कागदपत्रांत जी माहिती आहे ती विचारणारा प्रश्न लोकसभेच्या नियमांप्रमाणे स्वीकारला जात नाही. वाचन टाळले तर प्रश्नच बाद होऊ शकतो.

खर्चाचा प्रश्न असेल तर अर्थसंकल्पाची पुस्तके उघडावीच लागतील. त्यांची भीती वाटते, पण सुरुवातीला चारच शब्द पुरतात. अर्थसंकल्पीय अंदाज म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेली रक्कम. सुधारित अंदाज म्हणजे वर्ष निम्म्याहून पुढे गेल्यावर बदललेली रक्कम. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा हिशेब झाल्यावर, म्हणजे नंतरच्या वर्षांच्या पुस्तकात येतो. आणि लेखाशीर्ष म्हणजे तो खर्च कुठल्या खात्यावर पडला त्याचा क्रमांक : २२०२ सर्वसाधारण शिक्षण, २२१० वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, २२१५ पाणीपुरवठा व स्वच्छता, ३०५४ रस्ते व पूल. लेखाशीर्ष माहीत असेल तर विभागाला "कोणती योजना ते स्पष्ट होत नाही" असे म्हणायला जागा राहत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. तरतूद, वितरण आणि खर्च या तीन वेगवेगळ्या रकमा असतात. विधिमंडळाने मंजूर केली ती तरतूद. वित्त विभागाने आणि मग प्रशासकीय विभागाने खाली सोडला तो वितरित निधी. कोषागारातून प्रत्यक्ष देयके निघाली तो खर्च. जाहिरातीत आणि भाषणात तरतुदीचा आकडा येतो. गावात पोहोचतो तो खर्चाचा. मार्चअखेर न वापरलेला निधी परत जातो किंवा व्यपगत होतो. महाराष्ट्रात ही आकडेवारी बीम्स या संगणकीय प्रणालीत विभागवार पाहता येते. ती पाहूनच प्रश्न लिहायला बसा.

सरकारच्याच आकड्यांनी सरकारला जाब विचारायची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर भाषण केले. सरकार शिलकीचे कौतुक करत होते. गरिबी आणि दुष्काळाने लोक पिचलेले असताना मिठावरचा कर चढा ठेवून जमवलेली ती शिलक आहे, हे गोखल्यांनी सरकारी हिशेबांतूनच दाखवले. त्यांच्या हाती मतांचे बळ नव्हते, कारण त्या मंडळात सरकारी सदस्यांचेच बहुमत होते. अभ्यास तेवढा होता.

प्रकाशित कागदांत जे सापडत नाही त्यासाठी माहितीचा अधिकार कायदा, २००५ आहे. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे, म्हणून अधिवेशनाच्या निदान दोन महिने आधी अर्ज टाका. माहिती अधिकारातून कागद मिळतो. पण त्या कागदाचा जाब मंत्र्यांना सभागृहात द्यावा लागतो तो प्रश्नामुळेच. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत, एकाच्या बदली दुसरे नव्हे.

तिसरी पायरी : प्रश्न लिहा

महाराष्ट्र विधिमंडळातल्या प्रश्नांचा एक ठरलेला साचा आहे. "अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय" अशी सुरुवात. मग "अमुक घडले, हे खरे आहे काय", "असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय", "असल्यास, त्यात काय आढळून आले व त्यानुषंगाने कोणती कार्यवाही केली", आणि शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". जुन्या याद्या चाळल्या तर शेकडो प्रश्न याच वळणाचे दिसतील.

साचा वाईट नाही, पण त्यात एक मोठी पळवाट आहे. समजा पहिला भाग असा लिहिला : "अमुक ग्रामीण रुग्णालयात पाच वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याने व क्ष-किरण यंत्र वर्षभर बंद असल्याने रुग्णांची गैरसोय होत असल्याचे दिनांक १२ रोजी निदर्शनास आले, हे खरे आहे काय". एका वाक्यात चार दावे झाले. पदे पाचऐवजी चार रिक्त असली, किंवा यंत्र वर्षाऐवजी दहा महिने बंद असले, तरी विभाग "हे खरे नाही" असे लिहून मोकळा होतो. पुढचे सगळे भाग "असल्यास" या शब्दाला टांगलेले असल्यामुळे त्यांना एकच उत्तर येते : "प्रश्न उद्भवत नाही". तक्रार खरी होती, रुग्ण खरोखरच परत जात होते, तरीही छापील उत्तरात काहीच उरत नाही.

म्हणून पहिले भाग "हे खरे आहे काय" असे लिहूच नयेत. ते थेट आकडा मागणारे असावेत. "असल्यास" नंतर येऊ द्या. वरचाच विषय असा मांडता येईल :

"सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) अमुक ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती असून दिनांक ३१ मार्च रोजी त्यांपैकी किती पदे रिक्त होती व ती कोणत्या दिनांकापासून रिक्त आहेत,
(२) या रुग्णालयास औषध खरेदीसाठी गेल्या तीन आर्थिक वर्षांत वर्षनिहाय किती तरतूद मंजूर झाली, किती निधी वितरित झाला व प्रत्यक्ष किती खर्च झाला,
(३) क्ष-किरण यंत्र बंद असल्याबाबत वैद्यकीय अधीक्षकांनी वरिष्ठ कार्यालयास पत्र दिले आहे, हे खरे आहे काय,
(४) असल्यास, यंत्राच्या दुरुस्तीबाबत आतापर्यंत कोणती कार्यवाही केली व ते कोणत्या दिनांकापर्यंत सुरू होणार आहे,
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?"

पहिल्या दोन भागांना "हे खरे नाही" असे उत्तर देताच येत नाही. तिथे संख्याच लिहावी लागते. तिसरा भाग तुमच्याकडे त्या पत्राची प्रत असेल तरच ठेवा. चौथ्यात "लवकरच" हा शब्द पुरत नाही, कारण तारीख मागितली आहे.

भाषा कोरडी ठेवा. आरोप, निष्कर्ष, उपरोध, विशेषणे, बदनामीकारक मजकूर असलेला प्रश्न नियमाने नाकारता येतो. मंत्र्यांचे मत विचारणारा, "असे झाले तर काय कराल" अशा धर्तीचा, किंवा न्यायप्रविष्ट बाबीवरचा प्रश्नही बसत नाही. लोकसभेत प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि ती राज्यातही मनाशी धरायला हरकत नाही. राग खरा असतो, तो मला समजतो. "निगरगट्ट अधिकारी" असे लिहिल्याने मन हलके होते, पण त्या एका शब्दापायी प्रश्न बाद झाला तर नुकसान रुग्णालयाचे आहे.

जिल्ह्यातल्या सगळ्या विभागांचा हिशेब एकाच प्रश्नात मागू नका. माहिती गोळा करायलाच वेळ लागेल असे उत्तर मिळते. एक संस्था किंवा एक योजना, दोन-तीन वर्षे, चार-पाच भाग. बस.

चौथी पायरी : योग्य सदस्य गाठा

आपल्या मतदारसंघाचे आमदार हे पहिले नाव, हे उघड आहे. पण ते स्वतः मंत्री असतील तर प्रश्न विचारू शकत नाहीत, कारण उत्तर देणारे तेच असतात. तेव्हा शेजारच्या मतदारसंघातील आमदारांकडे किंवा विधान परिषदेच्या सदस्यांकडे जा. विधानसभेत २८८ सदस्य आहेत, विधान परिषदेत ७८. परिषदेत शिक्षक व पदवीधर मतदारसंघांचे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी निवडून दिलेले आमदार असतात. शाळा, महाविद्यालये, नगरपालिका यांच्या विषयांत त्यांना विशेष रस असतो.

सत्ताधारी पक्षाचे आमदार प्रश्न विचारणार नाहीत असे गृहीत धरू नका. आपल्याच सरकारच्या मंत्र्याला प्रश्न विचारल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण काँग्रेसचे खासदार फिरोज गांधी यांचे आहे. १९५६ साली आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. या महामंडळाने कोलकात्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांच्या शेअरमध्ये सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. १९५७ साली त्यावर लोकसभेत प्रश्न आले, सरकारची उत्तरे अपुरी पडली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात फिरोज गांधींनी चर्चेत सगळा व्यवहार उलगडून मांडला. मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्यीय आयोगाने जाहीर चौकशी केली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. प्रश्न, उत्तर, उत्तरातली फट, त्या फटीवर चर्चा, मग चौकशी हा क्रम नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आमदारांना भेटताना दोनच कागद न्या : एका पानावर तयार प्रश्न, दुसऱ्या पानावर पार्श्वभूमी आणि सोबत पुराव्यांच्या प्रती. साहेबांना भेटण्याइतकेच त्यांच्या स्वीय सहायकांशी बोलणे महत्त्वाचे आहे. प्रश्नांच्या सूचना भरणे, तारखा सांभाळणे, पोच ठेवणे हे काम बहुधा तेच बघतात. "तुम्हाला टंकलेखनाचाही त्रास नको, मजकूर तयार आहे" असे म्हटले की काम पुढे सरकते. आकडा चुकीचा निघाला तर सभागृहात मान खाली जाते ती आमदारांची, म्हणून खात्री नसलेले एकही वाक्य त्यांच्या हाती देऊ नका.

प्रश्नाच्या बदल्यात पैसा, भेटवस्तू किंवा ठेकेदाराचे काम असा व्यवहार कधीही होता कामा नये. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात संसदेने ११ खासदारांचे सदस्यत्व रद्द केले. एखाद्या ठेकेदाराला अडवण्यासाठी किंवा वाचवण्यासाठी कोणी तुमच्या नावाने प्रश्न पुढे करत असेल, तर त्या प्रश्नापासून दूर राहा.

पाचवी पायरी : तारांकित, अतारांकित आणि तारखा

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर येते. प्रतिष्ठा तारांकिताला आहे, म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. माझा सल्ला वेगळा आहे. तुम्हाला तक्ता हवा असेल, तालुकानिहाय आकडे हवे असतील, तर अतारांकित लावा. मंत्र्यांकडून मुदत किंवा निर्णय वदवून घ्यायचा असेल तरच तारांकित. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. प्रत्यक्षात तासाभरात तोंडी होतात ते त्या विसातले मोजकेच. उरलेल्यांना लेखी उत्तर मिळते.

महाराष्ट्र विधिमंडळाची साधारणपणे तीन अधिवेशने होतात : अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रत्येक अधिवेशनाआधी प्रश्नांच्या सूचना कधीपर्यंत द्यायच्या याच्या तारखा विधानमंडळ सचिवालय सदस्यांना कळवते. संसदेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि कोणत्या मंत्रालयाचा वार कोणता हे ठरलेले असते. त्या दिवशी कोणाचा प्रश्न वर येणार हे सोडतीने ठरते, त्यामुळे नशिबाचा भाग आहेच. अधिवेशन सुरू झाल्यावर धावत आलेल्यांसाठी नेहमीच्या प्रश्नाचे दार बंद झालेले असते. तेव्हा लक्षवेधी सूचना उरते. तातडीच्या, सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीवर विधानसभेत नियम १०५ खाली ती देतात. अर्ज पुष्कळ येतात, लागतात थोड्या.

सहावी पायरी : उपप्रश्नांची तयारी

छापील प्रश्न वाचून मंत्र्यांचा विभाग पूर्ण तयारीत असतो. उपप्रश्नाला मात्र मंत्र्यांना जागच्या जागी उत्तर द्यावे लागते. १८९२च्या कायद्याने हिंदुस्थानातल्या कायदेमंडळांत प्रश्न विचारायची परवानगी मिळाली, पण उपप्रश्नाची नव्हती. उत्तर मिळाले की विषय संपला. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला तो १९०९च्या सुधारणांनंतर. इतक्या उशिरा मिळालेल्या या हक्काचा उपयोग आज अनेकदा भाषण करण्यात वाया जातो, याचे वाईट वाटते. दोन मिनिटे प्रास्ताविक आणि शेवटी "शासन याकडे लक्ष देणार काय" असे विचारले, की मंत्री "होय, लक्ष देऊ" म्हणून बसतात.

आमदारांना दोन उपप्रश्न लिहून द्या, प्रत्येक एका वाक्याचा. पहिला लेखी उत्तरातल्या विसंगतीवर : "उत्तरात रिक्त पदे चार म्हटली आहेत, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अमुक तारखेच्या पत्रात सहा आहेत, यातला खरा आकडा कोणता?" दुसरा मुदतीवर : "ही पदे कोणत्या तारखेपर्यंत भरणार?" लेखी उत्तर सदस्यांच्या हाती थोडाच वेळ आधी पडते. त्या दिवशी सकाळी फोनजवळ थांबा, उत्तर हाती आले की लगेच वाचा आणि पहिला उपप्रश्न त्याला जुळवून बदला. ही धावपळ करायला कोणी तयार असेल तर आमदार पुढच्या वेळी स्वतःहून विचारतात.

उत्तर समाधानकारक नसेल तर अध्यक्ष किंवा सभापती प्रश्न राखून ठेवू शकतात, किंवा मंत्र्यांना बैठक घेण्याचे निर्देश देतात. बैठकीचे निर्देश मिळाले तर तारीख त्याच दिवशी मागून घ्या.

सातवी पायरी : उत्तर वाचणे

"हे अंशतः खरे आहे" असे आले तर कोणता अंश खरा नाही ते उत्तरात सांगितले आहे का, ते पाहा. "प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे" असे असेल तर प्रस्ताव कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून आहे हे पुढचे काम. "निधीच्या उपलब्धतेनुसार" याचा अर्थ आज पैसा मंजूर नाही. आकडा "एकूण" दिला असेल आणि तुम्ही वर्षनिहाय मागितला असेल, तर उत्तर अपुरे आहे, आणि तसे लेखी कळवायला हवे. तरतुदीचा आकडा देऊन खर्चाचा गाळला आहे का, हे तर सर्वांत आधी तपासा.

उत्तरातली माहिती खोटी निघाली तर गाजावाजा करण्याआधी पुरावा आमदारांकडे द्या. चुकीची माहिती दिल्याचे सदस्य रीतसर निदर्शनास आणू शकतात आणि मंत्र्यांना दुरुस्ती करावी लागते. जाणूनबुजून सभागृहाची दिशाभूल झाली असेल तर हक्कभंगाची सूचना देता येते. ते शेवटचे हत्यार आहे, पहिले नव्हे.

आठवी पायरी : उत्तरानंतरचा पाठपुरावा

बहुतेक लोक उत्तराची बातमी छापून आली की थांबतात. खरे तर आता हातात मंत्र्यांच्या नावाने छापलेला कागद आहे, आणि त्याच्यामागे लागण्यासाठी विधिमंडळाने यंत्रणा ठेवली आहे.

मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पूर्ण होतात की नाही हे आश्वासन समिती पाहते. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे आणि तिथे आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. "माहिती गोळा करून पटलावर ठेवू" हेसुद्धा तिथे आश्वासनच धरले जाते. तुमच्या उत्तरातले कोणते वाक्य आश्वासन आहे ते खूण करून आमदारांना दाखवा आणि त्याची नोंद झाली का ते विचारा. उत्तरातून नवे मुद्दे निघत असतील तर अर्धा तास चर्चा मागता येते.

पैशाच्या बाबतीत आणखी दोन दारे आहेत. अर्थसंकल्पी अधिवेशनात विभागांच्या मागण्यांवर मतदान होते तेव्हा सदस्य कपात सूचना देतात. लोकसभेच्या नियमांत मागणी १०० रुपयांनी कमी करावी अशी लाक्षणिक कपात आहे. त्या १०० रुपयांना काही अर्थ नसतो. त्या निमित्ताने एका रुग्णालयाची, एका योजनेची तक्रार नोंदवता येते. पुरवणी मागण्या आल्या की तीही संधी. मूळ तरतूद खर्चच झाली नसताना विभाग वाढीव पैसा का मागतो, हा प्रश्न बीम्सवरचा आकडा हातात असेल तर अगदी सरळ विचारता येतो.

दुसरे दार म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग. राज्याच्या हिशेबांवरचे त्यांचे अहवाल अनुच्छेद १५१(२)प्रमाणे राज्यपालांकडे जातात आणि सभागृहासमोर ठेवले जातात. हे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अखेरीस येतात, त्यामुळे त्यांवर लगेच चर्चा होत नाही. नंतर लोकलेखा समिती त्यांची छाननी करते आणि विभागाच्या सचिवांना बोलावून साक्ष घेते. संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. तुमच्या जिल्ह्याचा किंवा योजनेचा उल्लेख असलेला परिच्छेद अहवालात सापडला, तर त्याचा क्रमांक देऊन समितीच्या सदस्यांना लिहा. पुढच्या प्रश्नातही तो परिच्छेद क्रमांक घाला. लेखापरीक्षणात नोंदलेल्या गोष्टीला "हे खरे नाही" म्हणणे विभागाला जड जाते.

या सगळ्यासाठी एक साधी वही पुरते. प्रश्नाचा क्रमांक, उत्तराची तारीख, मंत्र्यांनी सांगितलेला आकडा, दिलेली मुदत, आणि मुदत संपली त्या दिवशी जागेवर जाऊन काय दिसले त्याची नोंद व फोटो. पुढच्या अधिवेशनाच्या सूचनांच्या तारखा लागल्या की वही उघडा आणि नव्या प्रश्नाचा पहिला भाग असा लिहा : "तारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात दिनांक अमुकपर्यंत पदे भरण्यात येतील असे सांगण्यात आले होते, त्यानुसार आजपर्यंत किती पदे भरली".